गावच्या कचऱ्यासाठी अनुदान: आधी महिन्याचा खर्च मांडा, मग शेड

गावाच्या वेशीबाहेर पत्र्याची एक शेड असते. भिंतीवर 'घनकचरा व्यवस्थापन प्रकल्प' असं रंगवलेलं, त्याखाली योजनेचं नाव, रक्कम आणि साल. दाराला कुलूप, कुलपाला गंज. शेजारी घंटागाडी उभी आणि तिच्या पुढच्या चाकातून घाणेरीचं झुडूप वर आलेलं. अशी शेड मी बऱ्याच गावांत पाहिली आहे आणि दर वेळी जीव हळहळतो. कारण ती उभी करायला त्या गावात कुणीतरी दोन-दोन वर्षं पंचायत समितीचे हेलपाटे घातलेले असतात.

या शेडी बंद का पडतात? अनुदान मिळालं नाही म्हणून नव्हे, तर ते मिळाल्यानंतर गाडी चालवणाऱ्याचा पगार कुठून द्यायचा हे कुणी ठरवलेलंच नव्हतं म्हणून. अनुदान मुख्यतः बांधकामाला आणि साहित्याला मिळतं. कचरा मात्र रोज होतो आणि तो उचलायला दर महिन्याला पैसे लागतात. म्हणून प्रस्ताव उलट्या टोकाने लिहायला घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आधी कचऱ्याचं वजन, मग महिन्याचा खर्च, मग गावाची वर्गणी, आणि सगळ्यात शेवटी शेडचं अंदाजपत्रक. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. हे सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, बचत गटाच्या ताई आणि गावासाठी धडपडणारी पोरं यांच्यासाठी आहे. नगरपंचायत किंवा नगरपरिषद असेल तर शहरी अभियानाचे निकष लागतात आणि ते वेगळे आहेत. इथे फक्त ग्रामपंचायतीचं बोलू.

पैसा कुठून येतो

मुख्य दार आहे स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २. पहिल्या टप्प्यात घरोघरी शौचालयं झाली. २०२०-२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचरा आणि सांडपाणी आलं. गाव 'हागणदारीमुक्त अधिक' करायचं, म्हणजे आपण ज्याला ओडीएफ प्लस म्हणतो ते. त्यात उदयोन्मुख, उज्ज्वल आणि उत्कृष्ट अशा तीन पायऱ्या आहेत. उत्कृष्ट व्हायचं तर घनकचरा आणि सांडपाणी या दोन्हींची व्यवस्था गावात असावी लागते.

रक्कम लोकसंख्येवर ठरते. ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत. ५,००० च्या वर लोकसंख्या असेल तर घनकचऱ्याला माणशी ४५ आणि सांडपाण्याला माणशी ६६० रुपयांपर्यंत. या रकमेचा ७० टक्के वाटा मिशनमधून येतो आणि ३० टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा असतो.

आता आकडे घालून पाहू. समजा गावाची लोकसंख्या २,४०० आहे. ६० गुणिले २,४०० म्हणजे १,४४,००० रुपये. त्यातले १,००,८०० मिशनचे, ४३,२०० वित्त आयोगाचे. एवढ्या पैशात शेडही होते, गाडीही येते आणि चार नाडेपही (खत करायचे विटांचे हौद) बांधून होतात, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हे पैसे फार नाहीत. शेडच्या पायातच ते जिरून जातील. म्हणूनच कोणती गोष्ट कोणत्या खिशातून करायची हे आधी ठरवावं लागतं.

पाच हजारांच्या उंबरठ्यावरच्या गावांनी एक हिशोब नीट पाहावा. ५,००० लोकसंख्येला घनकचऱ्याचे ३ लाख होतात, पण ५,२०० झाली की दर ४५ वर येतो आणि रक्कम २,३४,००० होते. सांडपाण्याला मात्र त्याच गावाला दुपटीहून जास्त पैसे मिळतात. त्यामुळे शेवटची जनगणना २०११ ची असताना योजनेच्या कागदात कोणता लोकसंख्येचा आकडा धरायचा, हे गट संसाधन केंद्राकडून, म्हणजे बीआरसीकडून, लेखी घ्या. लहान वाडीवस्तीच्या गावांसाठीही एक तरतूद आहे. माणशी हिशोब कितीही कमी भरला तरी गावाला घनकचरा आणि सांडपाणी मिळून किमान १ लाख रुपयांचं काम घेता येतं. ६० आणि २८० मिळून ३४० होतात, म्हणजे साधारण २९४ पेक्षा कमी लोकसंख्येच्या गावांना याचा खरा फायदा. अशी गावं कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या सदस्यांनाच ही तरतूद बहुतेक वेळा माहीत नसते.

दुसरा खिसा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचे दोन भाग केले: ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाने ठरवायच्या कामांसाठी, आणि ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच. बंधितातला निम्मा, म्हणजे एकूण अनुदानाचा ३० टक्के भाग, स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. स्वच्छतेच्या या ३० टक्क्यांत घरगुती कचऱ्याचं व्यवस्थापन स्पष्ट शब्दांत आलेलं आहे. पुष्कळ गावं हा पैसा गटारावर संपवतात. गटार दिसतं, मतं मिळतात, हे मला कळतं. पण मिशनचा ३० टक्के हिस्सा आणि गाडीचे पैसे इथूनच यायचे आहेत. म्हणून आराखडा करतानाच तेवढी रक्कम बाजूला धरा. २०२६ च्या एप्रिलपासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. तेव्हा ज्या दिवशी प्रस्ताव टाकाल त्या दिवशी लागू असलेलं परिपत्रक हातात घ्या, मागच्या वर्षीच्या झेरॉक्सवर जाऊ नका.

तिसरा खिसा रोहयोचा. नाडेप, गांडूळखताचे हौद, शोषखड्डे ही कामं रोजगार हमीतून होऊ शकतात. ग्राम रोजगार सेवकाला सुरुवातीपासून बैठकीला बसवा. नाडेप रोहयोतून झाले की मिशनचे पैसे शेडला मोकळे होतात.

चौथा, प्लास्टिकचा. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र गावाला मिळत नाही, ते तालुक्याला एक असतं आणि त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. गावाने स्वतःचं प्लास्टिकचं यंत्र मागू नये. तालुक्याच्या केंद्राशी आपली गाडी कशी जोडायची, ते मागावं. गाईगुरं जास्त असतील तर शेणापासून बायोगॅस करायची गोबरधन योजनाही आहे, पण त्याची ५० लाखांपर्यंतची रक्कम अख्ख्या जिल्ह्यासाठी असते. तिथे गावाची निवड जिल्हा परिषद करते, त्यामुळे नुसत्या त्या आशेवर थांबून राहू नका.

पहिलं पाऊल: कचऱ्याचं वजन

आम्ही आमच्या गावात हे केलं, तेव्हा रेशन दुकानदाराकडून वजनकाटा मागून आणला आणि शाळेच्या पटांगणात ताडपत्री पसरली. पन्नास घरं निवडली. त्यात मळ्यातली, गावठाणातली, दलित वस्तीतली आणि बाजारपेठेतली अशी सगळी होती. प्रत्येक घराला दोन पोती दिली, एक ओल्याला आणि एक सुक्याला. सात दिवस रोज सकाळी वजन केलं, त्यात आठवडी बाजाराचा दिवस मुद्दाम धरला.

पहिल्याच सकाळी बचत गटाच्या एका मावशींनी एक पोतं उलटं केलं. त्यातून दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, एक फाटकी चप्पल आणि बाळाचे डायपर निघाले. ओला कचरा जवळजवळ नव्हताच! भाजीचे देठ शेळीला, शिळी भाकरी म्हशीला, उरलेलं परसातल्या उकिरड्यावर. मावशी म्हणाल्या, "ओलं तर आमच्या घरातून बाहेर पडतच नाही, मग गाडी कशाला रोज?" आमच्या सगळ्या आराखड्याचा पाया त्या वाक्यावर उभा राहिला.

तुमच्या गावात चित्र वेगळं असेल. महामार्गावरच्या गावात, जिथे भाड्याच्या खोल्या आणि चाळी झाल्यात, तिथे परसही नाही आणि म्हैसही नाही. तिथे ओला कचरा गाडीतच येणार. कोकणात नारळाच्या झावळ्या आणि सोडणं, घाटावर उसाचं पाचट, बागायती पट्ट्यात फळांचे खोके. आणि तीन ठिकाणं वेगळी मोजायलाच हवीत: आठवडी बाजार, मंगल कार्यालय आणि चिकनची दुकानं. लग्नसराईत एका मंगल कार्यालयातून एका दिवसात जेवढी पत्रावळ आणि अन्न निघतं तेवढं अर्ध्या गावातून निघत नाही. चिकनच्या दुकानाची पिसं आणि आतडी जर ओढ्यात जात असतील, तर प्रस्तावात आधी त्याचं उत्तर लिहा.

वजनाचा कागद साध्या वहीतला असला तरी चालतो. तारीख, घर क्रमांक, ओला किती, सुका किती, सॅनिटरी किती, आणि ट्यूबलाइट, बॅटरी, औषधं असला घातक कचरा किती. खाली तपासणाऱ्यांच्या सह्या. तांत्रिक मान्यतेसाठी अभियंत्याकडे हा कागद गेला की तुमचा आराखडा दुसऱ्या गावाची नक्कल नाही हे त्याला दिसतं. घरांची संख्या नमुना ८ वरून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीवरून घ्या, अंदाजाने लिहू नका.

ओल्याचं काय करायचं

जिथे परस आहे तिथे वैयक्तिक खतखड्डा. बाकी काही नको. ओला कचरा घरातून उचलून गाडीत घालायचा, शेडवर न्यायचा, तिथे कुजवायचा आणि मग खत परत शेतात न्यायचं, यात डिझेल आणि मजुरीच जाते.

ज्या वस्तीत परस नाही, त्यांच्यासाठी आणि बाजाराच्या कचऱ्यासाठी सार्वजनिक नाडेप. ही पद्धत आपल्याच मातीतली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती बसवली, आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच 'नाडेप' हे नाव पडलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असा विटांचा हौद, भिंतीत हवेसाठी मुद्दाम ठेवलेली भोकं. आत काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेल्या मातीचे थर. वर घुमटासारखा आकार देऊन शेणामातीने लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार.

यात एक मेख आहे, आणि नाडेप रिकामे पडतात ते त्यामुळेच. हा हौद एका दमात, एक-दोन दिवसांत भरायचा असतो. त्याला दीड टनाच्या आसपास काडीकचरा, शंभरेक किलो शेण आणि जवळपास काडीकचऱ्याएवढ्याच वजनाची, कधी जास्तही, कोरडी माती लागते. रोज थोडा थोडा ओला कचरा टाकत राहिलं तर त्याला वास येतो, माश्या होतात आणि शेजारचे लोक तक्रार करतात. म्हणून जवळ साठवणुकीची जागा ठेवा, माती उन्हाळ्यातच चाळून झाकून ठेवा, आणि हौद दोन तरी असू द्या, म्हणजे एक पिकत असताना दुसरा भरता येतो. कोकणासारख्या पावसात वर छप्पर नसेल तर खत धुऊन जातं. अंदाजपत्रकात ते छप्पर धरलेलं आहे का, हे सही करण्याआधी बघा.

महिन्याचा हिशोब

हीच खरी कसोटी आहे. आकडे उदाहरणाचे घेतो, तुम्ही तुमच्या भागातली मजुरी घाला. किमान वेतनापेक्षा कमी धरू नका. कचरा निवडणाऱ्या बाईला कमी मजुरी देऊन वाचवलेला पैसा गावाला शोभत नाही.

समजा गावात ५२० घरं आहेत. रोज गाडी फिरवायची तर चालकाला महिना १२,००० रुपये, वर्गीकरणाला दोन महिला प्रत्येकी १०,००० आणि इंधन-दुरुस्तीला ६,०००. एकूण ३८,०००. घरामागे महिन्याला ७३ रुपये. हे वसूल होणार नाही, आणि सहाव्या महिन्यात गाडी थांबेल.

आता ओला कचरा घरीच जिरवायचा आणि गाडी आठवड्यातून दोनदा, फक्त सुक्यासाठी, अशी कल्पना करा. महिन्याला नऊ फेऱ्या. चालक दिवसाला ६००, दोन महिला प्रत्येकी ५००, म्हणजे फेरीला १,६०० आणि महिन्याला १४,४००. इंधन-दुरुस्ती २,०००. एकूण १६,४००. घराला ३० रुपये लावले आणि दहातल्या आठ घरांनी दिले तर ४१६ घरांचे १२,४८० होतात. गावात ३५ दुकानं आणि हॉटेलं असतील तर प्रत्येकी १०० प्रमाणे ३,५००. बेरीज १५,९८०. उरलेले ४२० रुपये भंगार विकून सहज निघतात. दहाच्या दहा घरं देतील असं कधीही धरू नका. आठ धरा आणि तरीही हिशोब बसतोय का ते पाहा.

घरपट्टीच्या पावतीवर 'आरोग्य कर' आणि 'दिवाबत्ती कर' असे रकाने असतातच. लोक तुम्हाला विचारणार, आरोग्य कर घेता मग हे वेगळं कशाला? प्रश्न रास्त आहे. त्यावर तयारी ठेवा: आरोग्य करातून वर्षाला किती जमतात आणि ते कशावर जातात याचा कागद ग्रामसभेत भिंतीवर लावा. आमच्याकडे तो कागद लावल्यावर विरोध निम्म्याने उतरला. वित्त आयोगाच्या स्वच्छतेच्या भागातून देखभाल-दुरुस्तीही करता येते. टायर, बॅटरी असले मोठे खर्च तिकडे न्या. पण मजुरीचा आधार मात्र गावच्या वर्गणीवरच ठेवा, कारण अनुदानाचा हप्ता कधी येईल ते आपल्या हातात नसतं आणि कामाला येणाऱ्या बाईला शनिवारी पैसे लागतात.

काम बचत गटाला द्या, शक्यतो 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या ग्रामसंघामार्फत, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघामार्फत. करारात चार गोष्टी असाव्यात: कोणत्या दिवशी गाडी येणार, पैसे कोणत्या तारखेला मिळणार, भंगाराच्या विक्रीचे पैसे कुणाचे, आणि हातमोजे, बूट, मास्क कोण पुरवणार. भंगाराचे पैसे गटालाच ठेवू द्या. मग वर्गीकरण आपोआप चोख होतं.

जागा

आमचा पहिला प्रस्ताव जागेवरून परत आला. एका सद्गृहस्थांनी पाणंदीलगतचा तुकडा तोंडी दिला होता, आम्ही तो नकाशावर दाखवला, आणि त्यांच्या धाकट्या भावाने हरकत घेतली. सहा महिने गेले. कोणी जमीन देत असेल तर मनापासून नमस्कार करा आणि दुसऱ्याच दिवशी नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या. सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लागल्याशिवाय अंदाजपत्रकाला हात लावू नका.

गायरान दिसायला सोपं, पण वाट लांबची. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावच्या सामाईक जमिनींबद्दल कडक निर्देश दिले आणि त्याच वर्षी १२ जुलैला राज्य शासनाचाही निर्णय झाला. सार्वजनिक कामासाठीसुद्धा दुसरी जागा नाही हे दाखवून महसूल खात्याकडून परवानगी घ्यावी लागते. गावठाणातली ग्रामपंचायतीची पडीक जागा सगळ्यात बरी.

पावसाळ्यात जागेवर जाऊन उभे राहा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते पाहा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीकडे, ओढ्याकडे उतार असेल तर ती जागा सोडा. गाडी वळते का, लाईटचा खांब किती लांब आहे, पाण्याचा नळ येईल का, हे सगळं एका फेरीत उरकतं. आणि कचऱ्याची जागा नेहमी एकाच वस्तीच्या अंगाला का ढकलली जाते, हा प्रश्न त्या वस्तीतले लोक विचारतील. त्यांनी विचारण्याआधी गावात हे काम पाहणाऱ्या समितीने स्वतःला विचारावा.

ग्रामसभा

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या ग्रामसभा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. आदल्या दिवशीची महिला सभा गांभीर्याने घ्या, कारण घरातला कचरा त्यांच्याच हातून जातो. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरपासून जोर धरते. त्यामुळे वजनाचं काम जुलै-ऑगस्टमध्ये, १५ ऑगस्टला चर्चा आणि २ ऑक्टोबरला ठराव असं वेळापत्रक धरलं तर जानेवारी ते मे या कोरड्या दिवसांत बांधकाम होतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करून आणलेली मंजुरी पावसाळ्यात भिजत पडते.

ठराव मोघम असला की फाईल परत येते. 'कचरा प्रकल्प करण्यास मंजुरी' एवढंच लिहू नका. असा लिहा:

"गावातील घनकचरा व्यवस्थापनाच्या सोबत जोडलेल्या आराखड्यास ही ग्रामसभा मान्यता देत आहे. प्रकल्पासाठी ग्रामपंचायतीच्या नावे असलेली गट नं. … मधील … आर जागा वापरावी. अनुदानाव्यतिरिक्तचा हिस्सा वित्त आयोगाच्या स्वच्छतेच्या बंधित निधीतून भरावा. दि. … पासून प्रतिकुटुंब दरमहा … रुपये व प्रतिदुकान दरमहा … रुपये स्वच्छता शुल्क आकारून ते स्वतंत्र खाती जमा करावे. संकलन व वर्गीकरणाचे काम … महिला स्वयंसहाय्यता गटास करारनाम्याने द्यावे. सूचक … अनुमोदक …"

आमच्या ग्रामसभेत एका आजींनी उठून विचारलं होतं, "गाडी आली नाही तर कुणाला सांगायचं?" तिथल्या तिथे एका सदस्याचं नाव ठरलं आणि ते ठरावात घातलं. तुम्हीही घाला.

फाईल

फाईल ग्रामसेवक भाऊसाहेब तयार करतात. २०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं असलं तरी गावात अजून भाऊसाहेबच. पण त्यांच्याकडे दोन-दोन गावं असतात, त्यामुळे कागद जमवायला समितीने हात लावावा. लागतं ते असं: ग्रामसभेचा ठराव, वजनाची वही आणि त्याचा गोषवारा, जागेचा सातबारा किंवा मालमत्ता नोंदीचा उतारा, हाताने काढलेला का असेना पण मापं असलेला नकाशा, जागेचे फोटो, अंदाजपत्रक, महिन्याच्या जमाखर्चाचा तक्ता, बचत गटाचं संमतीपत्र, आणि सुका कचरा घेणाऱ्याचं लेखी पत्र. शेवटची दोन पत्रं बहुतेक प्रस्तावांत नसतात. तुमच्यात असू द्या.

वाट अशी: पंचायत समितीतला शाखा अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक करतो, उपअभियंत्याकडून तांत्रिक मान्यता, गटविकास अधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षाकडे, आणि तिथून प्रशासकीय मान्यता. प्रत्येक टेबलावर आवक क्रमांक घ्या आणि फाईलच्या मुखपृष्ठावर तारखेसह लिहून ठेवा. बीआरसीतले गट समन्वयक हे तुमचे पहिले मित्र, कारण त्रुटी कुठे निघेल हे त्यांना आधीच ठाऊक असतं. प्रस्ताव देण्याआधी एकदा त्यांच्यासमोर पानन्‌पान उलटा. आणि काम ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावरच्या वार्षिक आराखड्यात चढलं आहे ना, हे पडद्यावर स्वतः पाहा. आराखड्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा लावता येत नाही.

शेड आणि गाडी

अंदाजपत्रकात शेडचा ठराविक नमुना येतो. त्यात चार बदल आग्रहाने मागा. निवडायला कमरेइतक्या उंचीचा ओटा, नाहीतर दोन महिन्यांत बायकांच्या पाठी धरतात. भिंत चार फूट आणि वर जाळी, म्हणजे हवा खेळते आणि कुत्री आत येत नाहीत. हात धुवायला नळ. जवळ स्वच्छतागृह. आत विटांचे कप्पे: दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पुठ्ठा, काच, पत्रा-लोखंड, आणि वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं. वाळू भरलेल्या दोन बादल्या दारातच ठेवा. सुक्या प्लास्टिकला आग लागली तर गावात बंब यायला वेळ लागतो.

गाडी घेण्याआधी गावातला सगळ्यात अरुंद बोळ टेपने मोजा. गाडी मोठी आणि बोळ लहान म्हणून अर्ध्या गावात न फिरणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. लहान गावाला तीनचाकी सायकलगाडी पुरते. चढ असेल तर बॅटरीची रिक्षा. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करताना कप्पे, भराईची उंची आणि तालुक्याच्या गावी दुरुस्तीची सोय या तीन अटी टाका. आरटीओ नोंदणी आणि विमा पहिल्याच दिवशी. दर वर्षीच्या विम्याची रक्कम महिन्याच्या तक्त्यात धरायची राहून जाते.

बाटल्या, पुठ्ठा आणि लोखंड भंगारवाला नेतो. चकचकीत वेष्टनांना भाव नाही. ती तालुक्याच्या प्लास्टिक केंद्राकडे आणि तिथून सिमेंटच्या भट्टीकडे जाळायला जातात. एकट्या गावाला ही वाहतूक परवडत नाही, म्हणून शेजारच्या चार-पाच गावांनी मिळून महिन्याला एक टेम्पो ठरवावा. गावांचा असा समूह करून काम करायला योजनेतही मुभा आहे. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळे घ्या, ते कधीही निवडणाऱ्या बाईच्या ओट्यावर येता कामा नयेत.

पैसे काढताना

कार्यारंभ आदेश मिळाल्याशिवाय एक वीटही रचू नका. आधी केलेलं काम कितीही चांगलं असलं तरी त्याचं बिल निघत नाही. कामाच्या तीन टप्प्यांवर, म्हणजे पाया, भिंत आणि छप्पर, एकाच कोपऱ्यातून फोटो काढा. अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करेल तेव्हा समितीतलं कुणीतरी टेप धरायला हजर असावं. वित्त आयोगाचे पैसे पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीने थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात. ती सहीची कळ सरपंचांनी स्वतःकडे ठेवावी, दुसऱ्याच्या खिशात देऊ नये. सरपंच ताई असतील तर त्यांनी तर नक्कीच.

काम झालं की पूर्णत्वाचा दाखला, मिशनच्या ॲपवर जिओटॅग केलेले (जागेची नोंद असलेले) फोटो आणि उपयोगिता प्रमाणपत्र. या तीन गोष्टी एका आठवड्यात उरका. पुढचा हप्ता आणि गावाची 'उत्कृष्ट' पायरी दोन्ही त्यावर अडलेलं असतं. ग्रामपंचायतीचे वार्षिक हिशोब आणि लेखापरीक्षण वेळेवर ऑनलाइन नसेल तर वित्त आयोगाचं पुढचं अनुदानच थांबतं, तेव्हा कचऱ्याच्या कामाआधी तो अनुशेष भरून घ्या.

शेडच्या दारावर एक फळा लावा. त्यावर दर महिन्याच्या पाच तारखेला तीन ओळी लिहायच्या: किती घरांनी पैसे दिले, किती किलो सुका कचरा विकला, मजुरी कोणत्या तारखेला दिली. खडू बचत गटाच्या हातात. आमच्या फळ्यावर मागच्या महिन्यात ४३१ घरं होती. उरलेल्या घरांची यादी आता वॉर्डाच्या सदस्यांकडे आहे आणि ते रविवारी सकाळी दारोदार जातात.